जलतरण संघात मूल दाखल करताना: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्या मुलाला किंवा मुलीला शिकाऊ बॅचमधून संघाच्या सरावाला बोलावलंय, म्हणजे पाण्याची भीती, श्वास आणि चारही स्ट्रोकची (फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय) तोंडओळख हे टप्पे पार पडलेत. आता घरच्यांचा नंबर. पुण्यातल्या आमच्या संघाच्या पालक समितीकडे दर वर्षी जूनमध्ये जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सरावाच्या वेळा आमच्या टँकच्या आहेत. स्पर्धेचे नियम मात्र कोल्हापूर, नागपूर, मुंबई, सगळीकडे तेच.

सुट्टीच्या बॅचला मजेत जायचा. संघात वेगळं काय असतं?

तिथे पोहता येणं एवढंच काम होतं. इथे तोच हात, तीच किक कमी श्रमात आणि जास्त वेगात कशी मारायची, ते शिकायचं असतं. पहिले दोन-तीन महिने अनेकांना वाटतं की मुलाचं पोहणं बिघडलं. सर मान कुठे ठेवायची, हात पाण्यात कुठे शिरायला हवा, इथपासून सगळं सुटं करून पुन्हा जुळवतात. तोवर मूल अवघडल्यासारखं पोहतं आणि वेळही जास्त लागतो. 'आधी चांगलं पोहत होता, तुम्ही काय केलंत?' अशी तक्रार घेऊन या काळात येऊ नका. थोडं थांबा.

पहाटे साडेपाच? सगळ्यांनाच?

नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचा सराव संध्याकाळी पाच ते साडेसहा, आठवड्यातून चार दिवस. बारा वर्षांवरच्यांना यात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारची पहाट वाढते. सातनंतर सभासदांच्या बॅचेस सुरू होतात, त्यामुळे मोकळ्या लेन मिळतात त्या त्याच दीड तासात. साडेपाच म्हणजे साडेपाचला पाण्यात उडी. गेटवर सव्वापाचला हजर राहायचं, कारण आधी काठावर खांदे, कंबर आणि घोटे मोकळे करून घेतात.

'आमचा नऊ वर्षांचा आहे, पण त्यालाही पहाटे घ्या, त्याला आवड आहे,' असं सांगणारे पालक दर वर्षी भेटतात. आम्ही घेत नाही. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास झोप लागते आणि तेरा ते अठराला ८ ते १० तास, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पावणेपाचला उठणाऱ्या मुलाचा हिशोब तुम्हीच मांडून बघा.

आमच्या लेखी या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. पावणेपाचला उठवणारा गजर कुणीही लावेल. रात्री पावणेनऊला घर शांत करणं ही खरी परीक्षा. बाबा साडेनऊला ऑफिसमधून येतात, मग जेवणं, मग आजीची मालिका, मग 'उद्याच्या वहीला कव्हर घालायचंय'. यातलं एकही मुलाच्या हातात नसतं. त्यामुळे संघात नाव घालण्याआधी आजी-आजोबांसकट सगळ्यांनी एकदा बसून ठरवा: सरावाच्या आदल्या रात्री मुलांचं जेवण साडेसातला, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, दप्तर आणि पोहण्याची बॅग दाराशी. जमत नसेल तर तसं सांगा, पहाटेचे दिवस कमी करता येतात. अर्धवट झोपेतलं मूल पाण्यात ढकलण्यात कुणाचाच फायदा नाही. सरांना ते दुसऱ्याच लॅपला कळतं.

अभ्यासाचं काय? दहावीला बंद करावं का?

ज्याचा त्याचा निर्णय. आमचं मत विचाराल तर पूर्ण बंद करू नका. डिसेंबरपर्यंत नेहमीसारखा सराव, त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढं बहुतेकांना झेपतं. चाचणी आणि सहामाहीच्या आठवड्यात सुट्टी हवी असेल तर सरांना आधी सांगा. न सांगता दोन आठवडे गायब होऊन स्पर्धेच्या यादीच्या दिवशी उगवू नका.

गणपती, लग्नकार्य, दिवाळीला गावी जायचं असेल तर?

जा की! मोदक खा. एवढंच पाहा की नावं दिलेल्या स्पर्धेच्या तारखा त्यात येत नाहीत ना. रिलेत तर चौघांपैकी एक जण नसला की उरलेल्या तिघांचीही रिले बुडते.

खायला काय द्यायचं?

पहाटे पाण्यात उतरण्यापूर्वी हलकं काहीतरी: एक केळं, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. ग्लासभर दूध आग्रहाने पाजू नका. बटरफ्लायच्या सेटमध्ये ते कुठे येतं, ते आम्ही पाहिलंय.

सरावानंतर मात्र अर्ध्या-पाऊण तासात पोटभर खाणं हवं, आणि सकाळी शाळेची बस गाठायची असल्याने ते डब्यातच द्यावं लागतं. पोहे, उपमा, थालीपीठ आणि दही, मटकीची उसळ, अंडी चालत असतील तर दोन उकडलेली. पाण्यातही घाम येतो, फक्त दिसत नाही. म्हणून प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली लेनच्या टोकाला हवी. टँकबाहेरचा वडापाव रोज नको. शनिवारी एखादा आम्हीही खातो.

प्रोटीन पावडर, 'ताकदीचं' चूर्ण, ओळखीच्या जिमवाल्याने दिलेला डबा, यातलं काहीही सरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पुढच्या स्पर्धांमध्ये नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, चाचणी घेऊ शकते. वय लहान आहे किंवा औषध आयुर्वेदिक होतं, हे सांगून सुटका होत नाही. साध्या औषधांतही गोम असते. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं सूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात लघवीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर ते उत्तेजक धरलं जातं. दम्याचा पंप चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सरांकडे देऊन ठेवा. मूल खेळाडू आहे, हे डॉक्टरांनाही सांगा.

काय काय विकत घ्यायचं?

सुरुवातीला: नीट बसणारा गॉगल, सिलिकॉनची कॅप, सरावाचा कॉस्च्युम किंवा गुडघ्यापर्यंतचा जॅमर, दोन टॉवेल, चपला आणि जाळीची पिशवी. गॉगल हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो. घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून पाहा, क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा आहे. आरशासारख्या चकाकत्या काचा संध्याकाळच्या बॅचला निरुपयोगी. किकबोर्ड (हातात धरायची फळी) आणि पुल बॉय (पायांत धरायचा तरंगता ठोकळा) संघाचे आहेत. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, सर सांगतील तेव्हाच घ्या, पाय वाढत असतात.

स्पर्धेसाठीचे महागडे रेसिंग सूट दहा-बारा वर्षांच्या मुलांना अजिबात नकोत. त्यातून वाचणारे शतांश सेकंद दोन चांगल्या टर्नमध्ये, म्हणजे भिंतीशी नीट वळण्यात, भरून निघतात.

मुलीला अंगभर कॉस्च्युम चालेल का?

सरावाला तिला ज्यात मोकळं वाटेल ते चालेल, फक्त कापड पोहण्याचं हवं. सुती टी-शर्ट नको, तो पाणी पिऊन जड होतो. स्पर्धेत २०१० पासून नियम असा आहे की मुलींचा सूट खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आणि मुलांचा बेंबीखालून गुडघ्यापर्यंत असू शकतो. गुडघ्यापर्यंतचा सूट घालणाऱ्या मुली आता भरपूर दिसतात, त्यामुळे संकोचाचं फारसं कारण राहिलेलं नाही.

पाळीच्या दिवसांत?

ती ठरवेल. टँपॉन किंवा कप वापरून पोहता येतं आणि त्यात वैद्यकीय अडचण काही नाही. नको वाटलं तर काठावरचा व्यायाम करायचा किंवा घरी राहायचं. मॅडमना 'आज बाहेर' एवढं सांगितलं की पुरतं, कुणी कारण विचारत नाही. पहिल्यांदा पाळी यायच्या वयाच्या मुलींच्या बॅगेत पॅड ठेवून द्या. घरी हा विषय आधी बोलून झालेला असेल तर मुलगी घाबरत नाही. स्पर्धेच्या तारखेसाठी आपल्या मनाने गोळ्या देऊ नका.

क्लोरिनने केस, त्वचा, कान खराब होतात का?

केस कोरडे होतात आणि रंग रापतो. पाण्यात जाण्याआधी साध्या पाण्याने केस चिंब करून थोडं खोबरेल चोळायचं आणि वर कॅप घालायची. आधीच ओले झालेले केस टँकचं पाणी कमी शोषतात. तेल थोडंच हं, नाहीतर कॅप सटकते आणि तवंग बाकीच्यांना पोहावा लागतो.

टँकवर येणाऱ्या उग्र वासाबद्दल एक गैरसमज सगळ्यांचाच असतो. 'आज क्लोरिन फार टाकलंय' असं आपण म्हणतो, पण तो वास बहुतांशी क्लोरॅमिनचा असतो. क्लोरिनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाला की ते तयार होतं. डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यानेच. म्हणून आधी शॉवर आणि शौचालय, मग पाणी, हा नियम लहान-मोठ्या सगळ्यांना.

कानात बड्स घालू नका. डोकं एका बाजूला कलवून पाणी निघू द्या आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरून पुसा. पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. कान ओढल्यावर दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जा. जुलाब झालेलं मूल बरं झाल्यावरही काही दिवस पाण्यात नको. ताप, डोळे येणं, उघडी जखम असतानाही घरीच ठेवा.

सरावाच्या वेळी आम्ही थांबलो तर चालेल?

गॅलरीत बसा, खुशाल बसा. काठावर येऊ नका. लेनच्या टोकाशी उभं राहून 'हात लांब! पाय मार!' असं ओरडू नका. मूल पाण्यात असतं, त्याला अर्धं ऐकू येतं आणि ते अर्धंही सरांनी सांगितलेल्याच्या उलट असतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून प्रत्येक लॅप मोजणारे पालक आम्हाला माहीत आहेत. भिंतीला हात लावल्याबरोबर त्यांची मुलं घड्याळाकडे बघत नाहीत, गॅलरीकडे बघतात.

सरांशी बोलायचंय? जरूर. सराव संपल्यावर दहा मिनिटं थांबा, किंवा महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकांची बैठक असते, तिथे या. दुसऱ्याच्या मुलाच्या टायमिंगची चर्चा ग्रुपवर करायची नाही. यावर आमच्या ग्रुपवर दर वर्षी एक भांडण होतं. यंदाही होईलच.

स्पर्धेच्या दिवशी नेमकं काय घडतं?

बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या मुलाच्या दोन शर्यती मिळून दीड-दोन मिनिटांच्या, पण सकाळी सातला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात पोहोचायचं आणि निघायला चार वाजतात. सतरंजी, दोन कोरडे टॉवेल, जाकीट, जादा गॉगल, घरचा डबा, पत्ते किंवा गोष्टीचं पुस्तक घ्या. ओल्या अंगाने पंख्याखाली बसलेली मुलं पुढच्या शर्यतीपर्यंत आखडून जातात, म्हणून जाकीट महत्त्वाचं.

आधी वॉर्म-अप. मग भिंतीवर हीटची, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्या गटांची, यादी लागते आणि पालकांची झुंबड उडते. लेन चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. नोंदवलेल्या वेळेप्रमाणे हीटमधल्या सगळ्यात वेगवान पोराला मधली लेन मिळते. आठ लेनच्या टँकमध्ये क्रम ४, ५, ३, ६, २, ७, १, ८ असा जातो. तुमच्या मुलीला आठवी लेन मिळाली तर तिच्यावर अन्याय झालेला नाही, तिची नोंदलेली वेळ त्या हीटमध्ये सगळ्यात जास्त आहे इतकंच. आणि नवीन मुलांना आम्ही मुद्दाम सांगतो की कडेच्या लेनमधूनही हीट जिंकता येते.

नाव पुकारलं की मुलं कॉल रूमला, म्हणजे शर्यतीआधी स्पर्धकांना जमवायच्या खोलीत, जातात. तिथे पालकांना प्रवेश नाही. लहान मुलं तिथे रडतात, हसतात, एकमेकांच्या कॅप ओढतात. त्यांना सांभाळायला संघाचा मॅनेजर असतो. मग शिट्टी, ब्लॉक (उडी मारायचा चौथरा), 'टेक युअर मार्क्स' आणि सुटण्याचा आवाज. आवाजाआधी हललेला किंवा उडी मारलेला स्पर्धक लगेच बाद होऊ शकतो, 'एक चूक माफ' हा जुना काळ गेला.

शर्यत संपल्यावर मूल आधी सरांकडे जाईल, मग तुमच्याकडे. तुमच्याकडे आल्यावर पहिला प्रश्न 'किती टायमिंग आलं?' हा नको. टॉवेल द्या, भूक लागलीय का विचारा. टायमिंग त्याला माहीत असतं, तो स्वतःच सांगेल. परतीच्या गाडीत शर्यतीचं शवविच्छेदन करू नका. पोहणं सोडलेल्या मुलांशी नंतर बोललं की या गाडीतल्या गप्पा हटकून निघतात.

संघ यजमान असेल तेव्हा पालकांनीही कामाला यायचं असतं. हाताने वेळ घेताना एका लेनवर तीन वेळाधिकारी असतात. तिघांची वेळ वेगवेगळी आली तर मधली धरतात. पदाधिकारी शिकवतात, अवघड नाही. एक दिवस ते घड्याळ हातात धरलं की दशांश सेकंदावरून मुलाशी घातलेले वाद आपोआप कमी होतात.

मुलगा पहिला आला आणि बाद केलं! दाद कुठे मागायची?

आधी कारण विचारा, तेही सरांमार्फत. लहान मुलं बहुतेक वेळा ठरावीक गोष्टींवर बाद होतात. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. घाईत एकच हात लावला की गेलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कात्रीसारखी किक बसते. बॅकस्ट्रोकमध्ये भिंत गाठण्याआधीच पोटावर वळून तरंगत राहतात. भिंतीपासून पाच मीटरवर लावलेल्या पताका त्यासाठीच असतात. त्या दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात बसतात, हे मुलाला पाठ हवं.

आक्षेप असेल तर तो संघाच्या मॅनेजरनेच, लेखी, शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांच्या आत द्यायचा असतो. पालकांनी पंचांच्या टेबलाशी जाऊन आवाज चढवला तर शोभा होते ती मुलाची.

सहा महिने झाले, टायमिंग हलत नाही. कोच बदलू?

थांबा. नवशिक्याचं टायमिंग पहिल्या वर्षी झपाट्याने उतरतं, ५० मीटर फ्रीस्टाइलला आठ-दहा सेकंदही उतरू शकतात. त्यातून पालकांना वाटतं की दर वर्षी असंच होणार. पुढे अर्ध्या सेकंदासाठी वर्ष लागतं. त्यातच उंची एकदम वाढली की हातापायांचा मेळ काही महिने चुकतो. मुलींच्या बाबतीत शरीर बदलण्याच्या वयात वेळ अडकते, कधी मागेही जाते. अशा वेळी वजनावरून एक शब्दही घरात निघता कामा नये.

तुलना कशाशी करता तेही तपासा. २५ मीटरच्या टँकमध्ये टर्न जास्त होतात आणि प्रत्येक टर्नला भिंतीवरून ढकल मिळते, म्हणून तिथली वेळ ५० मीटरच्या टँकपेक्षा कमी येते. गावातल्या २५ मीटरच्या टँकवरचा आकडा घेऊन बालेवाडीत निराश होणारी कुटुंबं दर मोसमात दिसतात.

वयोगट आणि कागदपत्रं?

भारतीय जलतरण महासंघाच्या स्पर्धांमध्ये गट ३१ डिसेंबरच्या वयावर ठरतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा असतात आणि त्यांची नोंदणी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे होते. म्हणजे पोहणारं मूल एकच असलं तरी मार्ग दोन आहेत. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच भेटून ठेवा. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड आणि फोटो यांची फाईल तयार ठेवा. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपा, दहावी-बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी ती लागतात.

वय 'थोडं कमी दाखवता येईल का' असं कुणी विचारू नये. विचारलंच तर उत्तर नाही असं आहे.

मुलांच्या सुरक्षेसाठी काय नियम आहेत?

इथे आम्ही सवलत देत नाही. कोणताही प्रशिक्षक एकट्या मुलाला बंद खोलीत भेटणार नाही, गाडीतून एकटं नेणार नाही, रात्री खासगी मेसेज करणार नाही. सूचना पालक असलेल्या ग्रुपवरच येतात. चेंजिंग रूममध्ये फोन काढायचा नाही, मुलांनी नाही, मोठ्यांनी नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर बरोबर महिला व्यवस्थापक असतेच. स्ट्रोक सुधारताना सर हात किंवा खांदा धरतात, तेही सगळ्यांसमोर आणि आधी सांगून. मुलाला काही विचित्र वाटलं तर 'सर असं करणार नाहीत' असं म्हणून त्याला गप्प बसवू नका. ऐका, समितीला सांगा. गंभीर असेल तर थेट पोलिसांत किंवा १०९८ या चाइल्डलाइनवर जा. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याने अशी माहिती दडवणं हाही गुन्हा आहे.

यातून पुढे काय? ऑलिंपिक?

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला त्याने कांस्य मिळवलं, जलतरणातलं भारताचं १९८६ नंतरचं पहिलं आशियाई पदक. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी, युद्धात जखमी झाल्यावर, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. महाराष्ट्राच्या पाण्याला परंपरा आहे.

पण आमच्या संघातली बहुसंख्य मुलं जिल्हा किंवा राज्य पातळीपर्यंत पोहतात आणि मग इंजिनिअर, डॉक्टर, वकील वगैरे होतात. ते अपयश नाही. पहिल्याच भेटीत 'नॅशनलला कधी जाईल?' असं विचारणाऱ्या पालकांना सर फक्त हसतात.

समुद्राची हौस असेल तर मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा होते. टँकमध्ये सलग दोन किलोमीटर आरामात पोहणाऱ्यांनाच आम्ही तिथे नेतो. लाटा, खारं पाणी आणि समोर भिंत नाही, हे सगळं नवीन असतं.

त्याला सोडायचंय म्हणतो. काय करू?

कंटाळा, भीती, मित्र सोडून गेला, सर ओरडले, झोप होत नाही: आधी कारण शोधा. पराभवानंतरच्या रात्री निर्णय घेऊ नका. चालू मोसम संपेपर्यंत थांबायला सांगा आणि तेव्हाही नको असेल तर सोडू द्या. फी भरलीय म्हणून रेटू नका, उरलेल्या महिन्यांची फी समिती परत करते. वॉटर पोलो आणि डायव्हिंग हेही पर्याय आहेत, काही मुलं तिथे खुलतात.

पहिल्या दिवशी कुठे आणि किती वाजता?

लहान गट पावणेपाचला, पुरुष चेंजिंग रूमशेजारच्या नोटीस बोर्डापाशी. भरलेला फॉर्म, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि दोन फोटो आणा. कॅप, गॉगल, टॉवेल, बाटली आणि चपला या सगळ्यांवर मार्करने नाव घाला. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात सध्या अकरा निळे गॉगल आहेत आणि एकावरही नाव नाही.